कंपनीचा डेटा पोस्टग्रेसवर नेताना: लायसन्सपासून रिस्टोअरपर्यंत

लायसन्सची फी वाचते म्हणून ओपन सोर्स डेटाबेसकडे वळणाऱ्या कंपन्या पुष्कळ आहेत, आणि फी खरोखरच वाचते. मात्र विकतच्या डेटाबेसबरोबर एक गोष्ट न मागता मिळत असते: काही बिघडलं तर कुणाला गाठायचं, दुरुस्त्या कधी येणार, कोणती आवृत्ती कशाबरोबर चालते, हे बऱ्याच अंशी कुणीतरी आधीच ठरवून दिलेलं असतं. ओपन सोर्समध्ये ते आपण ठरवायचं असतं. ज्यांच्या आयटी विभागात दोन-तीनच माणसं आहेत आणि बिलिंग, स्टॉक, येणी-देणी असा रोजचा डेटा ऑरॅकल किंवा मायएसक्यूएलवरून पोस्टग्रेसक्यूएल (थोडक्यात पोस्टग्रेस) या ओपन सोर्स डेटाबेसवर न्यायचा आहे, त्यांच्यासाठी पुढची माहिती आहे. लिनक्स सर्व्हर चालवता येतो आणि एसक्यूएल लिहिता येतं, एवढं गृहीत धरलं आहे.

आधी लायसन्स

कंपनीच्या आत, आपल्याच कामासाठी वापरायचं असेल तर जवळपास कोणतंही ओपन सोर्स लायसन्स चालतं. जीपीएल या ओपन सोर्स लायसन्समधल्या कोड खुला करण्याच्या अटी लागू होतात त्या सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या हाती दिल्यावर. आपल्या सर्व्हरवर मायएसक्यूएल ठेवून त्यावर बिलं काढली म्हणून आपला कोड कुणाला द्यावा लागत नाही. पेच पडतो तो आपलं प्रॉडक्ट डेटाबेससकट ग्राहकाला विकताना. मायएसक्यूएल जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीखाली मिळतो आणि त्याच कोडचं व्यापारी लायसन्स ऑरॅकल कंपनी विकते. बंद प्रॉडक्टमध्ये घालून तो द्यायचा असेल तर वकिलाच्या नजरेखालून घातल्याशिवाय पुढे जाऊ नये. जीपीएलचाच एक प्रकार असलेलं एजीपीएल याहून एक पाऊल पुढे जातं: आपण बदललेलं सॉफ्टवेअर लोक नेटवर्कवरून वापरत असतील तरीही त्यांना तो बदललेला कोड मिळायला हवा. पोस्टग्रेसचं लायसन्स बीएसडी आणि एमआयटी या सैल अटींच्या लायसन्सच्या जातीचं आहे. कॉपीराइटची सूचना राखायची. मग वापरा, बदला, विका.

लायसन्सच्या मजकुराबरोबर आणखी एक गोष्ट पाहावी, आणि ती बहुतेक ठिकाणी पाहिली जात नाही: कॉपीराइट कुणाच्या हातात आहे? सगळे हक्क एकाच कंपनीकडे असले की ती पुढच्या आवृत्तीपासून अटी बदलू शकते. मोंगोडीबी या डेटाबेसने २०१८ मध्ये एजीपीएल सोडून स्वतःचं एसएसपीएल हे लायसन्स लावलं. इलॅस्टिकसर्च या शोधयंत्रणेने २०२१ मध्ये अपाचे लायसन्स सोडलं. मेमरीत डेटा ठेवणाऱ्या रेडिसने मार्च २०२४ मध्ये बीएसडी सोडलं आणि त्याच महिन्यात लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली वाल्की हा फोर्क (जुन्या कोडवरून फुटलेला वेगळा प्रकल्प) उभा राहिला. यातल्या इलॅस्टिकने २०२४ मध्ये आणि रेडिसने २०२५ मध्ये एजीपीएलचा पर्याय खुला केला, पण मधल्या काळात वापरणाऱ्या कंपन्यांना वकील, चाचण्या आणि पर्यायांचा शोध हा सगळा खटाटोप करावा लागला. आधी घेतलेली आवृत्ती जुन्याच अटींवर राहते, त्यामुळे एका रात्रीत काही बंद पडत नाही. पण सुरक्षेच्या दुरुस्त्या कधी ना कधी फक्त नव्या आवृत्तीत येऊ लागतात आणि निर्णय टाळता येत नाही.

पोस्टग्रेसच्या बाबतीत ही भीती कमी आहे. १९८६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या हाताखाली सुरू झालेला हा प्रकल्प १९९६ पासून पोस्टग्रेसक्यूएल या नावाने चालतो, आणि त्यात वेगवेगळ्या कंपन्यांतली माणसं एकत्र काम करतात. पूर्ण मालकी कुणा एकाची नाही. कंपनीचा हिशेब दहा-पंधरा वर्षं जिथे ठेवायचा, तिथे आमच्या मते हा मुद्दा वेगाच्या तुलनांपेक्षा मोठा आहे.

तरी पोस्टग्रेस सगळीकडे घुसवू नये. वापरायचं सॉफ्टवेअर दुसऱ्या डेटाबेसवर घडवलेलं असेल तर तोच ठेवावा. धंदा सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरपैकी ईआरपीनेक्स्ट मारियाडीबी डेटाबेसवर वाढलं आहे, ओडू पोस्टग्रेसवर. एकाच मशीनवरच्या, एकावेळी एकानेच लिहिण्याच्या छोट्या कामाला एसक्यूलाइट पुरतो आणि त्याला सर्व्हरही लागत नाही.

क्लाउडवर तयार चालवून मिळणारा 'पोस्टग्रेसशी सुसंगत' डेटाबेस घेत असाल तर करारावर सही करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा: साध्या पीजी_डंपने (डेटा फाइलमध्ये काढणाऱ्या पोस्टग्रेसच्या कमांडने) सगळा डेटा बाहेर काढता येतो का, आपल्याला लागणारी एक्स्टेन्शन्स (जोड-सुविधा) तिथे आहेत का, आणि लॉजिकल रेप्लिकेशन (झालेले बदल सतत दुसरीकडे पाठवणं) बाहेरच्या सर्व्हरकडे लावता येतं का. तिसऱ्याचं उत्तर 'नाही' आलं, तर उद्या तिथून निघताना काम बराच वेळ बंद ठेवावं लागेल हे समजून घ्या.

आवृत्ती आणि मशीन

दर वर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात पोस्टग्रेसची नवी मोठी आवृत्ती येते आणि प्रत्येकीला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. धंद्याच्या कामासाठी नवीकोरी आवृत्ती पहिल्या दिवशी घेऊ नका. तिच्या दोन-तीन छोट्या दुरुस्त्या येऊ द्या. छोट्या दुरुस्त्या दर तिमाहीला निदान एकदा येतात. त्यात डेटाची रचना बदलत नाही, पॅकेज बदलून सर्व्हर पुन्हा सुरू केला की झालं. बरोबरची सूचना मात्र वाचावी, कारण क्वचित एखादा इंडेक्स नव्याने बांधा असं त्यात लिहिलेलं असतं. हे काम पुढे ढकलत राहणं ही सर्वांत सहज टाळता येणारी चूक आहे. लिनक्सच्या स्वतःच्या भांडारात जुनी आवृत्ती असू शकते, म्हणून पॅकेज पोस्टग्रेस प्रकल्पाच्या भांडारातून घ्या.

क्लस्टर, म्हणजे सर्व्हरची डेटा डिरेक्टरी, तयार करताना डेटा चेकसम (प्रत्येक पानाचा पडताळणीचा आकडा) चालू करा. अठराव्या आवृत्तीपासून ते आपोआप चालू असतात. आधीच्या आवृत्तीत क्लस्टर तयार करणाऱ्या इनिटडीबी कमांडला सांगावं लागतं. डिस्कने गुपचूप एखादं पान खराब केलं तर ते वाचताना चूक दिसते. चेकसम नसेल तर खराब पान महिनोन्महिने बॅकअपमध्ये जात राहतं आणि कळतं तोवर चांगला बॅकअप शिल्लक नसतो.

एन्कोडिंग यूटीएफ-८ घ्या. कोलेशनकडे मात्र बारकाईने पाहा. अक्षरांचा क्रम पोस्टग्रेस सहसा ऑपरेटिंग सिस्टिमच्या लायब्ररीकडून घेतो. लिनक्सवर ही लायब्ररी बहुधा ग्लिबसी असते, आणि तिच्या २.२८ आवृत्तीत हा क्रम बराच बदलला. डेबियन १० आणि रेड हॅट ८ मध्ये ती आवृत्ती आली. जुन्या सिस्टिमवरची डेटा डिरेक्टरी जशीच्या तशी नव्या सिस्टिमवर चालवली की मजकुराच्या रकान्यांवरचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले आणि शोध नव्या क्रमाने, असा प्रकार होतो. ग्राहकाचं नाव टेबलात असतं आणि शोधल्यावर सापडत नाही. युनिक इंडेक्स असूनही तेच नाव दुसऱ्यांदा शिरतं. कुठेही चुकीचा संदेश येत नाही. ऑपरेटिंग सिस्टिम बदलली की मजकुरावरचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स करायचे, हा नियम भिंतीवर लावा. सतराव्या आवृत्तीपासून पोस्टग्रेसचं स्वतःचं बिल्ट-इन कोलेशन निवडता येतं, ते सिस्टिमच्या लायब्ररीवर अवलंबून नसतं.

आता सेटिंग. मूळ सेटिंग लहानात लहान मशीनवरही सुरू व्हावं अशा बेताची असतात, म्हणून ती तशीच ठेवू नयेत. १६ जीबी मेमरी, एसएसडी आणि फक्त डेटाबेससाठी राखलेलं मशीन असेल तर सुरुवात अशी करा:

शेअर्ड_बफर्स: ४ जीबी (मूळ १२८ एमबी)
इफेक्टिव्ह_कॅश_साइझ: १२ जीबी
वर्क_मेम: १६ एमबी (मूळ ४ एमबी)
मेंटेनन्स_वर्क_मेम: ५१२ एमबी (मूळ ६४ एमबी)
मॅक्स_वॉल_साइझ: ४ जीबी (मूळ १ जीबी)
रँडम_पेज_कॉस्ट: १.१ (मूळ ४, फिरत्या डिस्कच्या हिशेबाने ठेवलेलं)

यातलं वर्क_मेम सर्वांत जास्त फसवतं. ही मर्यादा कनेक्शनमागे नसून प्रत्येक सॉर्ट आणि हॅशमागे आहे. कुणी ती ६४ एमबी केली, १०० कनेक्शन एकदम कामाला लागली आणि प्रत्येक क्वेरीत तीन सॉर्ट असले, तर ६४ गुणिले ३०० म्हणजे जवळपास १९ जीबी. मशीनमध्ये १६ आहे. लिनक्स मग मेमरी सोडवण्यासाठी एखादी प्रोसेस मारतो. पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मारली गेली की मुख्य प्रोसेस बाकीची सगळी कनेक्शन तोडून रिकव्हरी सुरू करते, आणि काउंटरवरच्या प्रत्येकाचा स्क्रीन एकदमच अडकतो. म्हणून जागतिक आकडा लहान ठेवा आणि महिनाअखेरच्या जड रिपोर्टसाठी त्या रिपोर्टच्या युजरपुरता वाढवा.

प्रत्येक कनेक्शनमागे सर्व्हरवर एक वेगळी प्रोसेस उभी राहते. मॅक्स_कनेक्शन्स मूळ १०० आहे. ते १००० करण्यापेक्षा मध्ये पीजीबाउन्सर हा कनेक्शन वाटून देणारा प्रोग्राम बसवा. त्याच्या ट्रान्झॅक्शन मोडमध्ये थोडीच खरी कनेक्शन शेकडो युजरना पुरतात. पण त्या मोडमध्ये सेशनला चिकटणाऱ्या गोष्टी, म्हणजे सेट केलेले पॅरामीटर, लिसन, सेशनभराचे ॲडव्हायजरी लॉक, विश्वासाने वापरता येत नाहीत. प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरणारं ॲप असेल तर पीजीबाउन्सर १.२१ किंवा पुढचा घ्या.

प्रवेशाचे नियम पीजी_एचबीए फाइलमध्ये वरून खाली वाचले जातात आणि जुळणारी पहिलीच ओळ लागू होते. वर कुठे 'ट्रस्ट' (पासवर्ड न विचारता प्रवेश) राहून गेलं असेल तर खालचे सगळे कडक नियम निकामी. पासवर्डसाठी स्क्रॅम-एसएचए-२५६ ठेवा. ॲपला सुपरयुजर देऊ नका. टेबलांचा मालक एक रोल, ॲप चालवणारा दुसरा रोल, रिपोर्ट वाचणारा तिसरा.

डेटा हलवणं

ऑरॅकलवरून येणाऱ्यांसाठी ओरा२पीजी हे हत्यार आहे. त्याला आधी फक्त रिपोर्ट काढायला सांगा, खर्चाच्या अंदाजासकट. किती टेबलं, किती पॅकेजेस, किती ट्रिगर आणि ते बदलायला किती मनुष्यदिवस हे तो दाखवतो. टेबलं सोपी जातात. वेळ खातात ती ऑरॅकलच्या पीएल/एसक्यूएल भाषेत लिहिलेली पॅकेजेस, आणि त्यांच्यापेक्षाही जास्त ॲपच्या कोडमध्ये विखुरलेल्या क्वेरी, ज्या ओरा२पीजीला दिसतच नाहीत. त्या स्वतः शोधून काढाव्या लागतात.

खरं पाणी मुरतं ते रिकाम्या मजकुरापाशी. ऑरॅकल रिकाम्या स्ट्रिंगला नल, म्हणजे 'मूल्यच नाही', असं मानतो. पोस्टग्रेस दोन्ही वेगळं धरतो. याचे परिणाम तीन ठिकाणी निघतात. पहिलं नावांत: ऑरॅकलमध्ये नाव, मधलं नाव, आडनाव उभ्या दोन रेघांनी जोडलं आणि मधलं नाव नल असलं तरी बाकीचं नाव छापून येतं. पोस्टग्रेसमध्ये एक तुकडा नल असला की सगळा जोड नल होतो, आणि मधलं नाव नसलेल्या प्रत्येक ग्राहकाच्या बिलावर नावाची जागा कोरी येते. कॉन्कॅट फंक्शन किंवा कोअलेस वापरून ते बदला. दुसरं शोधात: 'शेरा नल आहे' अशी अट लावलेल्या क्वेरीला ॲपने नव्याने भरलेल्या रिकाम्या स्ट्रिंग दिसत नाहीत, म्हणून प्रलंबित नोंदींची यादी हळूहळू आखडत जाते. तिसरं युनिक अटीत: ई-मेलचा रकाना युनिक असेल तर ई-मेल नसलेले कितीही ग्राहक ऑरॅकलमध्ये चालायचे, कारण ते नल होते. पोस्टग्रेसमध्ये ॲपने रिकामी स्ट्रिंग पाठवली की दुसऱ्याच ग्राहकाला अडवलं जातं. उपाय एकच आणि तो ॲपच्या दारातच करायचा: रिकामी स्ट्रिंग डेटाबेसकडे जाण्याआधी नल करा, आणि अशा रकान्यांवर 'रिकामी स्ट्रिंग नको' असा चेक कन्स्ट्रेंट घाला, म्हणजे राहिलेली जागा पहिल्याच चाचणीत ओरडून सांगेल.

ऑरॅकलच्या डेट प्रकारात वेळही असते, पोस्टग्रेसच्या डेटमध्ये नसते. डोळे झाकून नेलं तर वेळ गळून पडते. टाइमस्टँप घ्या. नंबर प्रकार सरसकट न्यूमेरिक करू नका: आयडीला बिगइंट, रकमेला न्यूमेरिक, उदाहरणार्थ १४ अंक आणि त्यातले २ दशांश. रक्कम फ्लोटमध्ये कधीही ठेवू नये, ताळा पैशांनी चुकू लागतो. आयडीला साधा इंटिजर घेतला तर तो २,१४,७४,८३,६४७ वर संपतो आणि भरलेलं टेबल नंतर बदलणं हे मोठं काम होतं.

चालू वेळ देणाऱ्या ऑरॅकलच्या सिसडेटच्या जागी पोस्टग्रेसचं नाऊ लिहिणारे एक विसरतात: नाऊ संपूर्ण ट्रान्झॅक्शनभर सुरुवातीचीच वेळ देतो. चालू क्षण हवा असेल तर क्लॉक_टाइमस्टँप. आणि ट्रान्झॅक्शनमध्ये एक स्टेटमेंट चुकलं की पोस्टग्रेस पुढचं सगळं नाकारतो, रोलबॅक करेपर्यंत. 'आधी इन्सर्ट करून पाहा, चुकलं तर अपडेट कर' असा जुना कोड इथे अडकतो. त्याला इन्सर्टबरोबर ऑन कॉन्फ्लिक्ट लिहा.

मायएसक्यूएलवरून येताना पीजीलोडर हे हत्यार बरंच काम करतं. शून्य-शून्य-शून्य अशा तारखा पोस्टग्रेस घेत नाही, त्या नल कराव्या लागतात. मायएसक्यूएलच्या मूळ कोलेशनमध्ये लहान-मोठ्या लिपीचा फरक धरला जात नाही, पोस्टग्रेसमध्ये धरला जातो; लॉगिनचं नाव कॅपिटलमध्ये टाइप करणाऱ्यांना पहिल्याच सकाळी प्रवेश मिळत नाही. लोअर फंक्शनवर युनिक इंडेक्स बांधून शोधही लोअरनेच करा. मायएसक्यूएलमधला 'यूटीएफ८' तीनच बाइटचा होता, म्हणून तिथे आधी तुटलेली अक्षरं इथे येऊन दुरुस्त होणार नाहीत. तशी किती आहेत ते निघण्याआधी पाहून घ्या.

भरण्याचा क्रम असा: आधी नुसती टेबलं, मग कॉपी कमांडने डेटा, मग प्रायमरी की आणि इंडेक्स, मग फॉरेन की, मग ट्रिगर. इंडेक्स आधी बांधले तर भरणं कितीतरी पट रेंगाळतं. ट्रिगर आधी लावले तर स्टॉक दोनदा वजा होतो. यानंतर दोन कामं उरतात आणि दोन्ही विसरली जातात. प्रत्येक सीक्वेन्स त्या रकान्याच्या सर्वांत मोठ्या आकड्यावर आणा, नाहीतर पहिलंच नवं बिल 'हा क्रमांक आधीच आहे' म्हणून परत येतं. आणि ॲनालाइझ चालवा. ते केलं नाही तर क्वेरी कशी चालवायची हे ठरवणाऱ्या प्लॅनरकडे आकडेवारी नसते, साध्या क्वेरी मिनिटभर चालतात आणि पोस्टग्रेस हळू आहे असा बोभाटा होतो.

ताळा जुळवताना ओळींची संख्या पुरेशी नाही. प्रत्येक महिन्याच्या रकमांची बेरीज, ग्राहकवार येणे बाकी, पहिली आणि शेवटची तारीख, आणि महत्त्वाच्या रकान्यांत नल किती, हे दोन्हीकडून काढून शेजारी ठेवा. जमल्यास एक महिनाअखेर दोन्हीकडे चालवा, कारण जे रिपोर्ट महिन्यातून एकदाच निघतात त्यांतल्या चुका रोजच्या कामात दिसत नाहीत. परत फिरण्याची मुदतही आधीच लिहून ठेवा. नव्या डेटाबेसमध्ये दिवसभर नोंदी झाल्यावर जुन्याकडे जायचं म्हणजे त्या नोंदी उलट दिशेने न्यायच्या, आणि ती तयारी बहुधा कुणीच केलेली नसते.

बॅकअप, आणि त्याहून जास्त रिस्टोअर

३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या कोड साठवण्याची सेवा देणाऱ्या कंपनीच्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हरची (मुख्य सर्व्हरची सतत चालू प्रत ठेवणाऱ्या मशीनची) डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली आणि कमांड मुख्य सर्व्हरवर चालली. सुमारे ३०० जीबीतले साडेचार जीबी उरले. मग बॅकअप शोधले गेले. पीजी_डंप ९.२ आवृत्तीचा चालत होता आणि सर्व्हर ९.६ चा, आपल्याहून नव्या सर्व्हरचा डंप काढायला पीजी_डंप नकार देतो, म्हणून ठेवणीच्या जागी काहीच नव्हतं. त्या अपयशाच्या ई-मेल पाठवल्या जात होत्या, पण समोरचा मेल सर्व्हर त्या नाकारत होता. शेवटी सुमारे सहा तास आधी दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतलेला एक स्नॅपशॉट कामी आला. गिटलॅबने हे सगळं जाहीरपणे लिहिलं, हे त्यांचे उपकारच आहेत. बॅकअपचा जॉब चालतो आहे हे पाहून कुणी निर्धास्त होऊ नये. फाइल उघडून डेटा परत उभा केल्याशिवाय तो बॅकअप धरू नये.

दोन प्रकार दोन्ही ठेवा. रोज रात्री पीजी_डंप, कस्टम फॉरमॅटमध्ये. एकच टेबल परत आणायला आणि मोठी आवृत्ती बदलायला हा सोयीचा. तो एकाच क्षणाचं सुसंगत चित्र घेतो, तेव्हा त्यासाठी काम थांबवावं लागत नाही. मात्र रोल आणि त्यांचे पासवर्ड त्यात येत नाहीत. ते पीजी_डंपऑलला 'फक्त ग्लोबल' सांगून वेगळे काढा. रात्रीचा डंप एवढाच आधार असेल तर संध्याकाळी सहाला डिस्क गेल्यावर दिवसभराची बिलं गेली.

ते टाळण्यासाठी दुसरा प्रकार: संपूर्ण बेस बॅकअप आणि वॉल फाइलींचं अर्काइव्ह. डेटाबेसमधला प्रत्येक बदल आधी वॉल या बदलांच्या नोंदवहीत लिहिला जातो, १६ एमबीच्या फाइलींमध्ये. भरलेली फाइल दुसऱ्या ठिकाणी जात राहिली की मधल्या कोणत्याही क्षणापर्यंत परत येता येतं. रहदारी कमी असेल तर फाइल भरायला तास लागतो, म्हणून अर्काइव्ह_टाइमआउट ३०० सेकंद ठेवा. अर्काइव्हची कमांड स्वतः लिहिण्याचा मोह आवरा. साध्या कॉपीत फाइल डिस्कवर खरोखर पोचली का हे तपासलं जात नाही आणि जुनी फाइल झाकली जाऊ शकते. पीजीबॅकरेस्ट किंवा बारमन यांपैकी एक तयार हत्यार वापरा. अर्काइव्ह दुसऱ्या मशीनवर, आणि त्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीत असावी, जिथे डेटाबेस सर्व्हरच्या पासवर्डने काही पुसता येत नाही.

अर्काइव्ह अडकलं तर पोस्टग्रेस वॉल फाइली पुसत नाही, त्या साठत जातात, डिस्क भरते आणि डेटाबेस बंद पडतो. बंद पडलेल्या दुय्यम सर्व्हरचा रेप्लिकेशन स्लॉट (त्याच्यासाठी वॉल राखून ठेवणारी नोंद) तसाच राहिला तरी हेच होतं. तेराव्या आवृत्तीपासून मॅक्स_स्लॉट_वॉल_कीप_साइझने त्याला मर्यादा घालता येते. डिस्क भरलेली पाहून पीजी_वॉल फोल्डरमधल्या फाइली हाताने पुसू नका. नाव लॉगसारखं वाटलं तरी त्या फाइली म्हणजेच डेटा आहे. डिस्कवर काही जीबीची, नुसती जागा अडवणारी एक बिनकामाची फाइल आधीच ठेवून द्या. अशा वेळी ती पुसून श्वास घेता येतो.

आणि दुय्यम सर्व्हर हा बॅकअप नव्हे. अट न लिहिता चाललेलं डिलीट तिथेही क्षणात पोचतं.

रिस्टोअरचा सराव महिन्यातून एकदा, कोऱ्या मशीनवर, शक्यतो ज्याने बॅकअप लावला नाही त्या माणसाने करावा. बेस बॅकअप उतरवा, रिस्टोअर_कमांड लिहा, रिकव्हरी_टार्गेट_टाइम मध्ये वेळ द्या आणि त्यात टाइमझोनचा फरक स्पष्ट लिहा, नाहीतर काही तासांनी पुढे-मागे उतराल. डेटा डिरेक्टरीत रिकव्हरी.सिग्नल नावाची रिकामी फाइल ठेवून सर्व्हर सुरू करा. दिलेल्या वेळेला पोचल्यावर तो थांबतो आणि फक्त वाचू देतो. हवी ती नोंद आहे का ते आता पाहा. क्षण चुकला आणि वेळ आणखी पुढची हवी असेल तर टार्गेट बदलून सर्व्हर पुन्हा सुरू करता येतो. मागे मात्र जाता येत नाही, त्यासाठी बेस बॅकअप पुन्हा उतरवावा लागतो. खात्री झाल्यावर पीजी_वॉल_रीप्ले_रिझ्यूम चालवून लिहिण्यासाठी खुला करा. मग तोच ताळा: महिन्याची बेरीज, शेवटच्या बिलाचा क्रमांक. सुरुवातीपासून इथपर्यंत किती वेळ लागला तो आकडा मालकांना सांगा. त्यांनी 'एका तासात सुरू व्हायला हवं' असं गृहीत धरलेलं असतं आणि सरावात सहा तास लागलेले असतात. जलद डिस्क किंवा दुय्यम सर्व्हर हवा की नको ही चर्चा त्या आकड्यावरूनच होऊ शकते.

रोजची निगा

ऑटोव्हॅक्यूम बंद करू नका, 'त्याच्यामुळे सर्व्हर हळू होतो' असं कुणी कितीही सांगितलं तरी. पोस्टग्रेसमध्ये अपडेट झालेल्या ओळीची जुनी प्रत टेबलातच राहते आणि व्हॅक्यूम तिची जागा मोकळी करतो. मूळ सेटिंगप्रमाणे टेबलाच्या सुमारे २० टक्के ओळी मेल्यावर तो सुरू होतो. दहा कोटी ओळींच्या टेबलात म्हणजे दोन कोटी मेलेल्या ओळी. अशा मोठ्या टेबलांसाठी स्केल फॅक्टर ०.०२ करा, म्हणजे काम थोडं-थोडं आणि वेळेवर होतं.

व्हॅक्यूम अडण्याचं नेहमीचं कारण म्हणजे कुणीतरी उघडी ठेवलेली ट्रान्झॅक्शन: दुपारी बिगिन केलं आणि घरी गेले. आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट दहा मिनिटांवर ठेवा. ट्रान्झॅक्शनचे क्रमांक ३२ बिटांचे असतात. सुमारे दोन अब्जांच्या अंतरात जुन्या ओळी गोठवल्या (कायमच्या जुन्या अशी खूण केल्या) गेल्या नाहीत तर पोस्टग्रेस डेटा वाचवण्यासाठी नवं लिहिणं थांबवतो. सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवणारी सेंट्री सेवा २०१५ मध्ये आणि मेलचिंपची मँड्रिल ही ई-मेल सेवा २०१९ मध्ये याच कारणाने अडली होती. प्रत्येक डेटाबेसच्या डॅटफ्रोझनएक्सआयडीचं (कुठवरचे क्रमांक गोठवून झाले ते दाखवणाऱ्या आकड्याचं) वय रोज मोजा. २० कोटींच्या आसपास ऑटोव्हॅक्यूम स्वतःच गोठवायला घेतो, म्हणून तो आकडा ५० कोटींच्या पुढे गेलेला दिसला की कारण त्याच दिवशी शोधा.

कामाच्या वेळात टेबल बदलायचं असेल तर आधी लॉक_टाइमआउट तीन-चार सेकंद करा. ऑल्टर टेबल एखाद्या लांब रिपोर्टमागे थांबला की त्याच्यामागे येणारी साधी सिलेक्टसुद्धा रांगेत उभी राहते, आणि बघता बघता सगळं ॲप गोठतं. इंडेक्स कॉन्करंटली बांधा. तो मध्येच फसला तर 'इनव्हॅलिड' इंडेक्स मागे राहतो. तो काढून पुन्हा बांधा.

कोणती क्वेरी किती वेळा चालली आणि किती वेळ घेतला हे मोजणारं पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स पहिल्या दिवसापासून चालू ठेवा. एकदाच पाच सेकंद घेणाऱ्या क्वेरीपेक्षा २० मिलिसेकंदांची पण दिवसात लाखो वेळा चालणारी क्वेरी सर्व्हर जास्त खाते, आणि ती एकूण वेळेच्या क्रमाने यादी लावल्याशिवाय सापडत नाही.

फोन कुणाला

पोस्टग्रेसचा आधार देणाऱ्या अनेक कंपन्या आहेत आणि कोड सगळ्यांना खुला असल्यामुळे एकीकडून दुसरीकडे जाता येतं. करार करताना प्रतिसादाचा वेळ म्हणजे 'तक्रार मिळाली' या उत्तराचा वेळ की माणूस कामाला लागण्याचा, हे विचारा. त्यांच्याकडे पोस्टग्रेसच्या कोडमध्ये स्वतः दुरुस्ती करू शकणारं कुणी आहे का, आणि तुमच्याच अर्काइव्हमधून एकदा रिस्टोअर करून दाखवतील का, हेही विचारा. रिस्टोअर करून दाखवायला लगेच होकार देणाऱ्यांना आम्ही पसंती देऊ. सुरक्षेच्या घोषणांची पोस्टग्रेसची मेल यादी एका माणसाच्या पत्त्यावर न घेता विभागाच्या सामायिक पत्त्यावर घ्या.

उरतो एक कागद, छापून सर्व्हर रूममध्ये आणि मालकांच्या टेबलावर ठेवायचा: अर्काइव्ह कुठे आहे, त्याची एन्क्रिप्शनची किल्ली कुणाकडे आहे, मागच्या सरावाची तारीख आणि लागलेला वेळ, आधार देणाऱ्यांचा करार क्रमांक, आणि 'अमुक वाजेपर्यंतचा डेटा सोडून मागे जा' हे सांगण्याचा अधिकार कोणत्या दोघांना आहे. किल्लीची एक प्रत त्या सर्व्हरच्या बाहेर असायलाच हवी. ती फक्त बुडालेल्या मशीनवर असेल तर एन्क्रिप्ट केलेला अर्काइव्ह कुणालाच उघडता येणार नाही.